चर्चा : मोटारीला तारे आणि दुचाकीवाल्याला फक्त चलान?

वर्धारोडकर : परवा नागपुरात मेहुण्यासोबत मोटार पाहायला गेलो होतो. सेल्समन आधी गाडीच्या सुरक्षेचे तारे मोजून दाखवतो, अ‍ॅव्हरेज नंतर सांगतो. ऑक्टोबर २०२३ पासून 'भारत एनकॅप'मध्ये आपल्याच देशात मोटारी धडकवून पाहतात आणि तारे देतात, त्याचा हा परिणाम. चांगलंच आहे. पण शोरूमबाहेर मोपेडवर नवरा-बायको, मध्ये पोरगं आणि तिघांत एक हेल्मेट! केंद्राच्याच अहवालाप्रमाणे २०२२ साली रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ४४.५ टक्के दुचाकीवरची. त्यांच्या वाट्याला चलान. आधी रस्ते नीट करा, मग माझ्या खिशात हात घाला.

मानेवाडा_चौक : काऊन भाऊ, रस्ते नीट होईपर्यंत डोकं घरी ठेवून निघायचं का? हेल्मेट मागे बसणाऱ्यालाही सक्तीचं आहे, चार वर्षांवरच्या पोरालाही (मोटार वाहन कायदा, कलम १२९). इथे चालवणाराच हेल्मेट कोपरात अडकवून हिंडते. पोलीस दिसला की डोक्यावर, व्हरायटी चौक गेला की परत कोपरात. यात खड्ड्याचा काय दोष?

वर्धारोडकर : मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत दुपट्टा, त्यावर हेल्मेट घालून सिग्नलवर उभं राहून पाहा एकदा.

मानेवाडा_चौक : राह्यते ना. रोज. दुपट्टा ओला करून बांधते.

पानाबारा : मी गॅरेजवाला, म्हणून एक सांगतो. दुचाकीसाठी काहीच केलं नाही हे खरं नाही. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या गाडीला एबीएस आणि त्याखालच्यांना सीबीएस सक्तीचं झालं. सीबीएस म्हणजे एक ब्रेक दाबला की दुसऱ्या चाकालाही थोडा लागतो. एबीएसमध्ये जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होत नाही, गाडी घसरायचा धोका कमी होतो. फरक मोठा आहे. पण माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या गाड्यांचे ब्रेक शू झिजलेले असतात. टायर गुळगुळीत. बदला म्हटलं की उत्तर ठरलेलं : 'दिवाळीनंतर पाहू.' त्याला कोणता कायदा पुरणार?

वर्धारोडकर : हे मान्य. पण रस्त्याचा मुद्दा सोडत नाही. २०२१ मध्ये 'आय-रास्ते' प्रकल्प आपल्याच शहरात आला. मनपाच्या बसमध्ये कॅमेरे लावले, धडक होण्याआधी ड्रायव्हरला इशारा मिळतो. आणि असे इशारे कुठे जास्त वाजतात त्यावरून धोक्याच्या जागा कळतात, तिथे माणूस मरायच्या आधी! मला ही कल्पना सगळ्यात शहाणी वाटली. जागा कळल्यावर तिथे गतिरोधक, दिवे, पट्टे यायला पाहिजे. तो पैसा चलानाच्या मागे का?

मानेवाडा_चौक : दोन्ही करा म्हणते मी. तुम्ही एकच करा म्हणून राहिले.

पानाबारा : ते जाऊ द्या, मेहुण्यानं मोटार कोणती घेतली?

वर्धारोडकर : पाच ताऱ्यांची किंमत ऐकली, चहा प्यायला, परत आला. मोपेडवर. हेल्मेट एकच होतं, माझं.