कंपनीच्या नेटवर्कवर कोणत्या साइट बंद असाव्यात?

नेटवर्कवाला
कंपनीचं नेटवर्क सांभाळणं हे माझं काम. वरून नवी यादी आली आहे: सोशल मीडिया, व्हिडिओ, गेम, शॉपिंग, नोकरीच्या साइट, सगळं फायरवॉलवर, म्हणजे नेटवर्कच्या दारावरच्या फिल्टरवर, बंद करा. शिवाय कोण काय बघतं याचा नावनिशीवार रिपोर्ट दर आठवड्याला मॅनेजरकडे द्या. मला हे पटलेलं नाही.

फिल्टर हवाच. फिशिंगची (पासवर्ड चोरणारी खोटी) पानं, मालवेअर म्हणजे घातक सॉफ्टवेअर पसरवणाऱ्या साइट, काल-परवा रजिस्टर झालेली डोमेन म्हणजे साइटची नावं, हे सगळं बंदच असलं पाहिजे. फसवणूक करणारे डोमेन घेतात, थोडे दिवस वापरतात आणि सोडून देतात. म्हणून 'नवीन डोमेन' ही एक कॅटेगरी बंद केली तरी बराच धोका टळतो. यातलं बरंचसं काम डीएनएसवरच, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेवर, होतं: मशीनने धोकादायक साइटचा पत्ता विचारला तर उत्तरच द्यायचं नाही. क्वाड९ ही सेवा २०१७ पासून हे फुकट करते आहे.

पण माणसाचं कामात लक्ष नसेल तर तो फायरवॉलचा प्रश्न नाही. प्रत्येकाच्या खिशात स्वतःचा डेटा असलेला फोन आहे. आणि मार्केटिंगला सोशल मीडिया लागतो, एचआरला नोकरीच्या साइट लागतात, ट्रेनिंगला व्हिडिओ लागतात. मग दिवसभर अपवादांची तिकिटं सोडवत बसायचं.

फ्लोअरमॅनेजर
असहमत. लाइन कंपनीची, लॅपटॉप कंपनीचा, वेळही कंपनीचा. लाइव्ह मॅच सुरू झाली की ग्राहकाशी चाललेल्या कॉलमध्ये आवाज तुटायला लागतो, तेव्हा बोलणी मी खातो. कोणी इथून पायरेटेड सिनेमा उतरवला तर नोटीस त्याच्या नावाने येत नाही, आयपी पत्ता कंपनीचा असतो. शेजारी बसलेल्याच्या स्क्रीनवर नको ते दिसलं म्हणून माझ्याकडे तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी काय सांगू? फोनवर बघतात म्हणून लॅपटॉपवरही मोकळं सोडा, हे मला पटत नाही.

नेटवर्कवाला
टोरंट (फाइल परस्पर वाटण्याच्या साइट) आणि अश्लील साइट बंद, यावर माझा वाद नाही. तुमची ती तक्रार रास्त आहे. कॉल तुटण्याचा उपाय मात्र वेगळा आहे: कॉलच्या ट्रॅफिकला प्राधान्य द्यायचं आणि व्हिडिओला वेगमर्यादा घालायची. त्यासाठी साइट बंद करावी लागत नाही.

कोडकरी
खरा घोळ एचटीटीपीएस, म्हणजे ब्राउझर आणि साइटमधलं कुलूपबंद बोलणं, उघडून तपासायला लागल्यावर होतो. कोणत्या साइटवर जाताय ते नाव बहुतेक वेळा हँडशेकमध्ये, म्हणजे जोडणीच्या सुरुवातीलाच, उघडं जातं, तेवढ्यावर ब्लॉक करता येतं. पण आतलं पान बघायचं तर फिल्टरला मध्ये बसावं लागतं. तो साइटची ओळख पटवणारं सर्टिफिकेट काढून स्वतःचं देतो आणि त्यावर विश्वास बसावा म्हणून कंपनीचं रूट सर्टिफिकेट प्रत्येक मशीनवर टाकतात.

ब्राउझरला ते चालतं. गिट, पायथनचं पिप, कंटेनर या डेव्हलपरच्या साधनांची सर्टिफिकेटची यादी बऱ्याचदा वेगळी असते, त्यांना ते ओळखीचं नसतं. 'सेल्फ साइन्ड सर्टिफिकेट इन सर्टिफिकेट चेन' अशी एरर येते आणि बिल्ड, म्हणजे प्रोग्रॅम तयार करण्याचं काम, अडतं. मग कोणीतरी 'एसएसएल व्हेरिफाय फॉल्स' करून मोकळं होतं. तीच ओळ स्क्रिप्टमध्ये राहते, स्क्रिप्ट सर्व्हरवर जाते आणि तिथे सर्टिफिकेटची तपासणी कायमची बंद होते. सुरक्षेसाठी बसवलेल्या पेटीमुळे हे घडतं, याची मला खरोखर चीड येते. अमेरिकेच्या सर्ट या सरकारी सायबर सुरक्षा यंत्रणेनेही मार्च २०१७ मध्ये इशारा दिला होता की अशी मधे बसणारी काही उत्पादनं पलीकडच्या साइटचं सर्टिफिकेट नीट तपासत नाहीत.

लॉगतपासनीस
धोका बरोबर सांगितलात, पण उपाय तपासणी काढून टाकणं नाही. आज मालवेअर नामांकित क्लाउड स्टोरेजवर ठेवलेला असतो. डोमेन चांगलं, फाइल वाईट, अशा वेळी डीएनएसचा फिल्टर काय पकडणार? त्यात २०१८ पासून डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस आहे. त्यात ब्राउझर कुलूपबंद जोडणीतून परस्पर बाहेरच्या सर्व्हरला पत्ता विचारतो. फायरफॉक्सला 'हे आपोआप सुरू करू नको' अशी खूण नेटवर्ककडून देता येते, पण युजरने स्वतः सुरू केलं असेल तर तो ती खूण मानत नाही. म्हणून ब्राउझरची पॉलिसी मशीनवरच लावा. बँक आणि दवाखान्याच्या साइट तपासणीतून वगळा. डेव्हलपरच्या इमेजमध्ये, म्हणजे ज्यावरून त्यांची मशीन तयार होतात त्या साच्यात, रूट सर्टिफिकेट आधीच घाला. हे आयटीचं काम आहे आणि ते न करता फिल्टर चालू केला असेल तर दोष फिल्टरचा नाही.

पेमेंटविभाग
मला तांत्रिक कळत नाही, रोजचं सांगते. एका पुरवठादाराची साइट अचानक बंद दिसायला लागली. पानावर फक्त 'प्रवेश नाकारला'. कॅटेगरी नाही, कोणाला विचारायचं तेही नाही. तिकीट टाकलं, उत्तर येईना, पेमेंटची तारीख जवळ. शेवटी विभागातल्या सगळ्यांनी फोनच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप जोडून काम उरकलं. म्हणजे तेवढा वेळ कंपनीचा कोणताच फिल्टर मध्ये नव्हता.

कोडकरी
@पेमेंटविभाग, +१. कॅटेगरी चुकतातच. एप्रिल २०२० मध्ये क्लाउडफ्लेअर या इंटरनेट कंपनीने कुटुंबांसाठी १.१.१.३ ही नको त्या साइट अडवणारी डीएनएस सेवा सुरू केली, तेव्हा समलिंगी समुदायासाठी माहिती देणाऱ्या साइटही चुकून अडल्या होत्या. कंपनीने चूक मान्य करून दुरुस्त केली. आपल्याकडे दुरुस्त कोण करतं?

लॉगतपासनीस
ब्लॉक पानावर कारण आणि 'परत तपासा' बटण हवं, हे मान्य. रिपोर्टबद्दलही सांगतो. लॉग, म्हणजे कोणतं मशीन कुठे गेलं याच्या नोंदी, ठेवावेच लागतात. एखादं मशीन बाधित झालं तर ते कुठे कुठे गेलं हे शोधायचं कसं? पण ते घटनेच्या तपासासाठी. युरोपियन मानवाधिकार न्यायालयाने सप्टेंबर २०१७ मध्ये बार्बुलेस्कू विरुद्ध रोमानिया खटल्यात कर्मचाऱ्याच्या बाजूने निकाल दिला. खाजगी वापराला कंपनीची बंदी होती, ती त्याला माहीतही होती. तरी त्याचे मेसेज किती आणि कसे बघितले जातील हे आधी सांगितलेलं नव्हतं.

फ्लोअरमॅनेजर
नावं मला नकोत, विभागवार आकडे पुरेत. पण ड्युटीच्या वेळेत सोशल मीडिया बंदच हवा. जेवणाच्या तासात उघडा ठेवा.

कोडकरी
तीन शिफ्टमध्ये लोक काम करतात. जेवणाचा तास कोणाचा धरणार?

नेटवर्कवाला
आमच्या फिल्टरमध्ये प्रत्येक युजरला दिवसाचा वेळ ठरवून देता येतो, तो त्याने कधीही वापरावा. हा पर्याय मी वर मांडतो. नावनिशीवार रिपोर्ट मात्र लेखी धोरण निघून ते सगळ्यांच्या हातात पडेपर्यंत मी सुरू करणार नाही, हेही त्याच मेलमध्ये लिहितो आहे.