आईला घेऊन मुंबई, घारापुरीला डोली मिळते का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, सोलापूरहून लिहितोय. गड्डा (आमची सिद्धेश्वराची जत्रा) संपला की जानेवारीअखेर आईला मुंबई दाखवायची आहे, वय ७१, गुडघे दुखतात, आणि आयुष्यात समुद्र बघितलेला नाही. सिद्धेश्वर एक्सप्रेसनं रात्री निघून सकाळी सीएसएमटीला उतरायचं, परत पण रात्रीच्या सिद्धेश्वरनंच, म्हणजे हातात दोन दिवस अन् मधली एक रात्र.

मागच्या वेळी मी पोरांना घेऊन गेलतो तर नेमका सोमवार निघाला, घारापुरीची लेणी बंद, मग बोटवाल्यानं निस्तं बंदरात फिरवून आणलं, पोरं अजून टोमणे मारतात. त्यामुळं यंदा वार बघूनच तिकीट काढलंय, तेवढं सांगू नका 😄

खरी अडचण अशी की गेटवेपासून बोटीत तासभर बसणं ती करेल ओ, पण चढताना बोट खालीवर हलते तेव्हा म्हातारं माणूस पाय कसा टाकणार? आमच्या घरचा जिना ती कठडा धरून, दोन्ही पाय एका पायरीवर ठेवत ठेवत उतरते. वर लेण्यांपर्यंत शंभरावर पायऱ्या आहेत, तिथं डोलीवाले असतात म्हणे, हल्ली काय घेतात? जाऊन येऊन ठरवायचं का एका बाजूचं? आणि मुक्काम सीएसएमटीजवळ बरा का दादरला? लिफ्ट पाहिजेच. जेवणाचं टेन्शन नाही, कडक भाकरी अन् शेंगाचटणी तिनं आत्ताच काढून ठेवलीय.

नुकतं कुणी वयस्कर माणसांना घेऊन गेलं असेल तर सांगा की.