एनके पेशी 'शिकतात' म्हणजे नेमकं काय? आणि ते मोजायचं कसं?

सातरस्ता_सोलापूर:
वर्ग १ एमएचसी ही पेशीच्या पृष्ठभागावरची 'आपलं'पणाची खूण. ती हरवलेली पेशी एनके (नॅचरल किलर, रक्तातल्या मारक) पेशी मारतात, हे कळतं. मग ज्या उंदरांत वर्ग १ चा आवश्यक घटक बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिनच नाही, त्यांच्या एनके पेशींनी स्वतःचं शरीर फस्त करायला हवं. उलट त्या सुस्त असतात. का? माणसाच्या रक्तात हा फरक बघायचा तर नमुना सोलापूरहून पुण्याला पाठवावा लागेल. काय काळजी घ्यावी?

पेशीवाचक:
रोगाचा चेहरा एनके पेशी शिकतच नाहीत. एनकेजी२डी सारखे उत्तेजक रिसेप्टर जनुकांतून तयारच येतात, टी पेशींसारखी जनुकांची जुळवाजुळव तिथे नसते. शिकायचं असतं ते 'आपलं' इथे कसं दिसतं एवढंच. कॅरे आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये दाखवलं की वर्ग १ गमावलेल्या गाठीच्या पेशी उंदीर नाकारतो. २००५ मध्ये योकोयामांच्या गटाने पुढचा दुवा दिला: ज्या एनके पेशीच्या रोधक रिसेप्टरला स्वतःच्या शरीरात जोडीचा एमएचसी भेटतो, तीच पूर्ण ताकदीची होते. तुमच्या उंदरात तो भेटतच नाही. पेशी जगतात, पण उत्तेजक संकेतालाही क्षीण प्रतिसाद देतात. टॅप जनुकात दोष असलेल्या (त्यामुळे वर्ग १ पृष्ठभागावर नीट न येणाऱ्या) माणसांतही हेच दिसतं.

होटगी_रोड:
माणसात एक जादा गुंता आहे. केआयआर (एनके पेशींवरचे रिसेप्टर) जनुकं १९व्या गुणसूत्रावर, एचएलए (माणसाचा एमएचसी) ६व्यावर. दोन्ही स्वतंत्रपणे वारशात येतात. त्यामुळे रिसेप्टर आहे पण जोडीदार नाही, असं सर्रास घडतं. एचएलए-सी चे दोन्ही प्रकार सी१ असलेल्या माणसात सी२ ला जुळणाऱ्या केआयआर२डीएल१ ला जोडीदार नसतो. मात्र त्याच पेशीवर एनकेजी२ए हा दुसरा रोधक रिसेप्टर असेल, तर ती त्याचा जोडीदार एचएलए-ई कडून शिकलेली असते. म्हणून तुलना एनकेजी२ए नसलेल्या, एकच केआयआर असलेल्या पेशींतच करा. केआयआर२डीएल१ ओळखायला वापरतात ते ईबी६ प्रतिपिंड केआयआर२डीएस१ लाही चिकटतं, आणि तो उत्तेजक रिसेप्टर आहे! आधी केआयआर आणि एचएलए टायपिंग करून घ्याच.

फ्लोवाला:
नमुन्याबद्दल. हेपॅरिनची नळी घ्या. ईडीटीए कॅल्शियम बांधतं आणि कॅल्शियमशिवाय एनके पेशीतल्या मारक कणिका बाहेर पडत नाहीत. बर्फात ठेवू नका. १८ ते २५ अंश हवेत. सोलापूरच्या मे महिन्यात बसच्या डिकीत नळी टाकली तर नमुना वाया गेलाच समजा. सकाळी रक्त काढून त्याच दिवशी पेशी वेगळ्या करा. गोठवून वितळवलेल्यांची ताकद घटते.

रक्तातून वेगळ्या केलेल्या एककेंद्रकी पेशी आणि के५६२ (ल्युकेमियाच्या) लक्ष्यपेशी १:१ मिसळा. के५६२ वर वर्ग १ जवळपास नसतो. सीडी१०७ए चं प्रतिपिंड सुरुवातीलाच घाला, कारण कणिका बाहेर पडताना हे प्रथिन पृष्ठभागावर येऊन परत आत जातं. तासाभराने मोनेन्सिन (आत गेलेल्या प्रतिपिंडाची चमक टिकवायला), मग आणखी ४ तास ३७ अंशांवर. एक नळी लक्ष्यपेशींविना, एक पीएमए-आयनोमायसिनची (रिसेप्टर वगळून पेशी थेट चेतवणारी). फ्लो सायटोमीटरवर मृत पेशी रंगाने वगळून सीडी३ नसलेल्या, सीडी५६ मंद असलेल्या पेशी (म्हणजे एनके) निवडा. पीएमएच्या नळीत सगळे गट सारखे चमकले आणि के५६२ च्या नळीत वेगळे, तर फरक शिक्षणाचा. रात्रभर आयएल-२ (पेशी चेतवणारं प्रथिन) देऊ नका, न शिकलेल्या पेशीही जाग्या होतात आणि फरक पुसला जातो.

सातरस्ता_सोलापूर:
आयएल-२ घालायचाच बेत होता, तो रद्द. पण एकदा शिकलेली पेशी कायमची शिकलेलीच का?

पेशीवाचक:
नाही. २०१० च्या प्रयोगांत प्रौढ एनके पेशी वर्ग १ नसलेल्या उंदरात सोडल्यावर सुस्तावल्या, आणि उलट दिशेने सोडलेल्या सुस्त पेशी सक्षम झाल्या.