व्हर्निअर रीडिंग पोरांच्या हातात कसं बसवायचं?

प्रश्न: आयटीआय, फिटर ट्रेड, पहिलं वर्ष, २० जणांची बॅच. व्हर्निअर कॅलिपरचा (मुख्य पट्टी आणि तिच्यावर सरकणारी छोटी व्हर्निअर पट्टी असलेलं मापाचं साधन) लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर वाचता येणारं सर्वांत लहान माप, ०.०२ मिमी हे सगळ्यांना पाठ आहे. पण जॉबचं (मोजायच्या तुकड्याचं) माप २४.३६ असलं की कुणी २४.१८ लिहितं, कुणी २५.३६. पुन्हा फळ्यावर समजावू का?

उत्तर १: फळा नको सर. या दोन वेगळ्या चुका आहेत. २४.१८ वाल्याने मुख्य पट्टीशी जुळलेली व्हर्निअरची १८वी रेघ ०.०२ ने गुणलीच नाही. २५.३६ वाल्याने मुख्य पट्टीवर व्हर्निअरच्या शून्याच्या डावीकडची रेघ सोडून उजवीकडची धरली. त्याच्यासाठी शून्य सोडून बाकी व्हर्निअर पट्टी चिकटपट्टीने झाका आणि नुसते पूर्ण मिलिमीटर वाचून घ्या. दहा मापं बरोबर आली की चिकटपट्टी काढा.

उत्तर २: उत्तर तोंडी मागू नका, पहिला बोलला की बाकीचे तेच म्हणतात. क्रमांक टाकलेले पाच तुकडे फिरवा, प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहायचं. कडेची बर (कापल्यावर राहिलेला धातूचा खरखरीत काठ) काढलेली हवी, नाहीतर माप जास्त येतं आणि पोरगं विनाकारण बोलणी खातं.

प्रश्नकर्ता: बंद जबड्यात ०.०४ दिसतंय एका कॅलिपरवर.

उत्तर १: आधी जबडे पुसा. तरी व्हर्निअरचा शून्य मुख्य पट्टीच्या शून्याच्या उजवीकडेच राहिला, तर प्रत्येक मापातून ०.०४ वजा. तो कॅलिपर झीरो एरर (बंद जबड्यातच दिसणारी ही चूक) शिकवायला बाजूला ठेवा.