शेजारचा पन्नास फुटी प्लॉट आणि झोनिंग बोर्डाची सुनावणी

नमस्कार मंडळी,

काल सर्टिफाइड मेलने नोटीस आली. आमच्या इथल्या, न्यू जर्सीतल्या घराच्या उजव्या हाताला जो मोकळा प्लॉट आहे, तो एका बिल्डरने घ्यायचं ठरवलंय आणि तिथे दोन मजली, चार बेडरूमचं घर बांधायला व्हेरिअन्स, म्हणजे झोनिंगच्या (जमिनीच्या वापराच्या) नियमांतून सूट, मागितलाय. गेली अकरा वर्षं आमची मुलं तिथे क्रिकेट खेळली. प्लॉट ५० बाय १००. आमच्या झोनमध्ये रस्त्यालगत ७५ फूट रुंदी (फ्रंटेज) आणि ७,५०० चौरस फूट जागा लागते. म्हणजे सरळसरळ नियमात बसत नाही. मग टाउनशिपने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, अर्ज घेतलाच कसा?

आपल्या मंडळाची चार कुटुंबं याच रस्त्यावर आहेत. मी निवेदन लिहिते, सगळ्यांनी सह्या कराव्यात ही विनंती. शंभर सह्या झाल्या तर बोर्डाला विचार करावाच लागेल. सुनावणी तीन आठवड्यांनी आहे.

– कोपऱ्यावरच्या घरातली

*

ताई, आमच्या दोघांच्या सह्या धरा. हे आपल्याकडच्या गुंठेवारीसारखंच दिसतंय. आधी तुकडे पाडायचे, मग पैसे भरून नियमित करून घ्यायचे. मी पुण्यात हे फार जवळून पाहिलंय. इथे तरी असं होऊ नये.

– समोरच्या गल्लीतला

*

नमस्कार,

सह्या गोळा करण्याआधी दोन मिनिटं माझं ऐका. मी आमच्या टाउनशिपच्या झोनिंग बोर्ड ऑफ ॲडजस्टमेंटवर नऊ वर्षं होतो. तुमचं गाव वेगळं आहे आणि मी वकील नाही, इंजिनिअर आहे. पण न्यू जर्सीतल्या सगळ्या गावांना कायदा एकच, १९७५चा म्युनिसिपल लँड यूज लॉ. त्यामुळे तिथे काय विचारतील ते मला ठाऊक आहे.

पहिलं म्हणजे निवेदन. बोर्ड सह्या मोजत नाही. ते जवळजवळ कोर्टासारखं बसतं. बोलणाऱ्याला शपथ देतात, त्याला प्रश्न विचारायचा समोरच्याला हक्क असतो. कागदावरच्या सहीला प्रश्न विचारता येत नाही, म्हणून ती पुरावा होत नाही. माझ्या काळात एकदा ऐंशी-नव्वद सह्यांचा कागद आला होता. अध्यक्षांनी तो हातातही घेतला नाही, आणि सह्या करणाऱ्यांपैकी सभागृहात आले होते फक्त तिघे. त्या तिघांपैकी एका बाईंनी आपल्या तळघराच्या पायऱ्यांवर पाणी कुठवर चढतं ते सांगितलं. ठरावात शेवटी तेच आलं.

आता गुंठेवारीबद्दल. तुलना मनात येणं साहजिक आहे, पण इथे क्रम उलटा आहे. गुंठेवारीत घर आधी उभं राहतं आणि २००१च्या कायद्याने ते शुल्क भरून नियमित होतं. इथे वीट रचायच्या आधी विचारावं लागतं. दुसरं असं, की हे तुकडे नियम मोडून पाडलेले नसतात. आपल्या भागातले पुष्कळ नकाशे शंभर वर्षांपूर्वीचे आहेत. तेव्हा जमीन २५-२५ फुटांच्या पट्ट्यांत पाडून विकत. कुणी दोन पट्ट्या घेई, कुणी तीन. इथल्या झोनिंगला न्यू जर्सीच्या राज्यघटनेचा आधार मिळाला १९२७मध्ये, कायदा आला १९२८मध्ये, आणि ७५ फुटांसारख्या अटी त्यानंतर गावागावांत येत गेल्या. ज्याने दोन पट्ट्या घेऊन ठेवल्या होत्या त्याने काही चूक केली नव्हती. नियम त्याच्या अंगावरून पुढे गेला.

म्हणून कायद्यानेच दार ठेवलंय. त्याला सगळे ‘सी-वन’ म्हणतात. जमीन फार अरुंद असेल, उथळ असेल, तिचा आकार वेडावाकडा असेल आणि त्यामुळे नियम पाळताना मालकावर अवाजवी अडचण येत असेल, तर बोर्ड सूट देऊ शकतं. तुमच्या बिल्डरने याच दारावर टकटक केलीय.

यावर तुम्ही एक निकाल जरूर समजून घ्या. बर्गन काउंटीतलं वेस्टवुड, राज्याच्या सुप्रीम कोर्टाचा १९८०चा निकाल, ‘कॉमन्स’ नावाने ओळखतात. तिथेही अट तुमच्यासारखीच, ७५ फूट आणि ७,५०० चौरस फूट. प्लॉट मात्र जेमतेम ३० फुटांचा, ५,१९० चौरस फूट. बोर्डाने नाही म्हटलं, खालच्या कोर्टांनी ते उचलून धरलं. सुप्रीम कोर्टाने प्रकरण परत पाठवलं आणि दोघांचेही कान धरले. बोर्डाला सांगितलं, नुसतं ‘परिसराला बाधा येईल’ लिहून चालणार नाही, कशी येईल ते लिहा. अर्जदाराला सांगितलं, घर कसं दिसेल, किती मोठं असेल, शेजाऱ्यांच्या उजेड-वाऱ्याचं काय होईल, हे तू नीट मांडलंच नाहीस. आणि हेही म्हटलं, की सूट नाकारल्याने जमीन कुठल्याच वाजवी उपयोगाची उरत नसेल, तर ती मालकाकडून काढून घेतल्यासारखंच होतं. हे वाक्य प्रत्येक बोर्डाच्या वकिलाच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. त्यामुळे ‘प्लॉट लहान आहे म्हणून नाही म्हणा’ एवढंच तुम्ही बोललात तर काही होणार नाही. लहान आहे हे तर अर्जदारच सांगतोय.

मग तुम्ही काय करायचं? टाउन हॉलमध्ये जा आणि फाइल बघा. सुनावणीच्या किमान १० दिवस आधी सगळे नकाशे लोकांना पाहायला ठेवावे लागतात. आणि दोन प्रश्नांची उत्तरं शोधा.

एक, हा प्लॉट आणि त्याच्या पलीकडचं घर कधी एकाच मालकाच्या नावावर होतं का? शेजारशेजारचे दोन अपुरे प्लॉट एका नावावर आले की झोनिंगच्या नजरेत ते एकच होतात. याला ‘मर्जर’ म्हणतात, १९६७पासून इथे हेच चालत आलंय. तसं असेल तर त्यातला एक सुटा काढून विकणं ही स्वतः ओढवून घेतलेली अडचण, आणि तिला सूट मिळणं फार कठीण. काउंटी क्लर्कच्या कचेरीत जुनी खरेदीखतं पाहायला मिळतात. एक सकाळ घालवा.

दुसरी गोष्ट जरा अवघड आहे. तुम्हाला तो प्लॉट मोकळा राहायला हवा असेल, तर तुम्ही तो विकत घ्यायला तयार आहात का? मालकाने शेजाऱ्यांना विचारलं का, जमीन घ्या किंवा तुमची थोडी मला द्या, हे बोर्ड हमखास विचारतं. शेजारी वाजवी किंमत देत असताना मालक अडून बसला, तर अडचण त्याने स्वतः निर्माण केली असं धरतात. पण वाजवी किंमत म्हणजे काय, ते १९८४च्या मॉरिस टाउनशिपच्या ‘नॅश’ निकालात ठरलंय. सूट मिळाली आहे असं धरून जी किंमत होईल ती. म्हणजे घर बांधता येणाऱ्या प्लॉटची किंमत, परसबागेची नव्हे. इतकी वर्षं तो कर भरतोय आणि आपण फुकटात हिरवळ बघतोय, हे मी स्वतःच्या शेजाऱ्यांनाही सांगितलं होतं. त्यांना ते आवडलं नव्हतं.

खरेदी जमणार नसेल, तर घराच्या मापांकडे लक्ष द्या. प्लॉट अरुंद आहे, ही त्याची अडचण मान्य. पण दोन्ही बाजूंनी सेटबॅक (हद्दीपासून सोडायचं अंतर) सोडून जेवढी जागा उरते तेवढ्यात बसणारं घर त्याने आणलंय, की वर साइड यार्डमध्येही, म्हणजे बाजूला सोडायच्या जागेतही, सूट मागितलीय? पन्नास फुटांत दोन्हीकडे दहा-दहा सोडले तर तीस फूट रुंदीचं चांगलं घर होतं. पस्तीस आणलं असेल, तर ते जास्तीचे पाच फूट जमिनीच्या अडचणीतून आलेले नाहीत. तिथे बोट ठेवा. मी नऊ वर्षांत सर्वांत जास्त वेळा हाच प्रश्न विचारला असेन.

सुनावणीच्या आदल्या रविवारी सकाळी मी नेहमी त्या प्लॉटसमोर जाऊन उभा राहत असे. फूटपाथवरच, कुणाशी बोलायचं नाही. दोन्हीकडच्या घरांच्या खिडक्या कुठे आहेत, जमिनीचा उतार कुणाकडे आहे, एवढं पाहायचं. नकाशावर उतार म्हणजे बारीक रेघा असतात. तिथे गेल्यावर दिसतं, की पाणी एका घराच्या तळघराकडेच धावणार.

– काका

*

काका, नमस्कार. विषय थोडा वेगळा, पण विचारून घेतो. आमचंही घर अशाच ५० फुटी प्लॉटवर आहे. आईला सांगलीहून कायमचं इकडे आणतोय. तिला जिने चढवत नाहीत, म्हणून खाली एक खोली आणि बाथरूम बाजूला वाढवायचंय. बोर्डाला तिचे रिपोर्ट दाखवले तर हार्डशिप, म्हणजे तुम्ही म्हणता ती अवाजवी अडचण, धरतील ना?

– आईचा मुलगा

*

नाही धरणार, आणि हे सांगताना मला वाईट वाटतंय. कायद्यातली अडचण जमिनीची असावी लागते, माणसाची नाही. आमच्यापुढे एक गृहस्थ वडिलांच्या आजाराबद्दल अर्धा तास बोलले होते. खोलीत कुणी हललं नाही. माझ्या शेजारच्या सदस्याचे डोळे भरून आले होते. तरी आम्हाला त्या आधारावर मत देता येईना, कारण सूट त्या माणसाला नसते, जमिनीला असते. वडील गेले, घर विकलं, तरी ती भिंत शेजाऱ्याच्या कुंपणाजवळ कायमची राहते.

आईचं सांगा, जरूर सांगा, पण अर्जाचा आधार तो ठेवू नका. तुमच्याकडे मागच्या बाजूला जागा असेल तर खोली तिकडे काढा. सेटबॅक पाळले गेले तर काही गावांत जुन्या अपुऱ्या प्लॉटवरच्या घराला अशा वाढीसाठी बोर्डापुढे जावंच लागत नाही. तुमच्या झोनिंग ऑफिसरला आधी तेच विचारा. बाजूलाच काढायची असेल, तर प्लॅनरकडून जमिनीच्या आकारावर मांडणी करून घ्या. आई आल्या की कळवा, आम्ही दोघं भेटायला येऊ.

– काका

*

काका, फाइल पाहून आले. सगळ्यांना कळवते.

मर्जर नाही. काउंटी क्लर्ककडे सकाळभर बसून खतं पाहिली. प्लॉट पहिल्यापासून वेगळ्याच कुटुंबाकडे होता, पलीकडच्या घराशी त्याचा कधी संबंध आला नाही. आताच्या मालकीणबाई वयस्कर आहेत. त्यांच्या आईवडिलांनी त्या दोन पट्ट्या घेऊन ठेवल्या होत्या. त्यांची सही पाहिली आणि एकदम ओशाळल्यासारखं झालं. इतकी वर्षं मी त्या जागेला ‘आमची मोकळी जागा’ म्हणत होते.

आम्ही दोघांनी किंमतीचाही हिशेब केला. झेपणार नाही. तसं प्रामाणिकपणे कबूल करते.

पण घर ३४ फूट रुंद आहे. आमच्या बाजूला दहाऐवजी सहा फूट सोडलेत. आणि छपराच्या पाण्याचे पाइप आमच्याच कुंपणाकडे काढलेत. २०२१च्या सप्टेंबरात आयडा वादळ आलं त्या रात्री आमच्या तळघरात दुसऱ्या पायरीपर्यंत पाणी होतं. सम्प पंप रात्रभर चालू होता, पहाटे बंद पडला, मग आम्ही बादल्यांनी उपसलं. मुलीने तेव्हा फोनवर काढलेले तारखेसकट फोटो सापडलेत. ते मोठे करून छापून नेणार आहे. सह्यांचा कागद रद्द. ज्यांना यायचंय त्यांनी स्वतः या, आणि आपापल्या घरात काय होतं तेवढंच सांगा.

– कोपऱ्यावरच्या घरातली

*

मंडळी, काल रात्री साडेअकराला सुनावणी संपली. मत ५ विरुद्ध २, अर्ज मंजूर, पण अटींवर.

बिल्डरच्या इंजिनिअरची साक्ष झाल्यावर अध्यक्षांनी लोकांना प्रश्न विचारायला बोलावलं. माझे हात थरथरत होते. मी एवढंच विचारलं, ‘घर तीस फूट रुंद केलं तर या प्लॉटवर काय अडतं?’ ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, चौथी बेडरूम बसत नाही. मग एका सदस्याने तोच प्रश्न तीन वेगळ्या तऱ्हेने विचारला. शेवटी बिल्डरच्या वकिलांनी पाच मिनिटं मागून घेतली, बाहेर जाऊन बोलून आले, आणि घर तीस फुटांवर आणलं. साइड यार्डची मागणी गेली. राहिली फक्त प्लॉटच्या क्षेत्रफळाची आणि रुंदीची.

फोटो फिरवले गेले. टाउनशिपच्या इंजिनिअरने अट घातली, की छपराचं सगळं पाणी जमिनीखालच्या ड्राय वेलमध्ये, म्हणजे पाणी मुरवायच्या खड्ड्यात, न्यायचं आणि आमच्याकडच्या कडेची पातळी वाढवायची नाही. जिन्याच्या खिडकीला धूसर काच लावायची, हे समोरच्या गल्लीतल्या भाऊंनी सुचवलं आणि तेही मान्य झालं. लेखी ठराव ४५ दिवसांच्या आत येईल. काका, तो आला की अटी शब्दशः उतरल्यात का ते माझ्याबरोबर बसून वाचाल का?

निघताना मालकीणबाई दारापाशी उभ्या होत्या. मी जाऊन माझं नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, वडिलांनी तिथे टोमॅटो लावले होते, कुंपणाच्या मागच्या कोपऱ्यात अजून एक जुना नळ असेल बघा. आज सकाळी गवत बाजूला करून पाहिलं. आहे.

– कोपऱ्यावरच्या घरातली