'पोरांना जात ठाऊकच नाही' म्हणणाऱ्यांना एका बाईंचं उत्तर

खडूफळा:
परवा याच फोरमवर एका पालकांनी लिहिलं, 'शाहूंच्या कोल्हापुरात आजच्या पोरांना जातपात ठाऊकच नाही. चौघं एका डब्यात जेवतात. मोठी माणसंच विषय उकरून काढतात.' वाचून दोन रात्री झोप लागली नाही, म्हणून लिहिते.

एकवीस वर्षं आठवी ते दहावीला शिकवते. वर्गात नवीन पोरगं आलं की मधल्या सुट्टीच्या आत त्याला तीन गोष्टी विचारून होतात: पूर्ण नाव काय, गाव कुठलं, गल्ली कुठली. 'पाटील' एवढ्यावर भागत नाही, 'कुठले पाटील?' येतंच. ठाऊक नसतं तर ही चौकशी कशाला?

मागच्या हंगामात ऊसतोडीला आलेल्या कुटुंबातली एक मुलगी आठवीत होती. बीडकडची. चार महिने पोरं तिला 'कोपी' (ऊसतोड्यांची पाचटाची झोपडी) म्हणायची, नावानं हाक एकदाही नाही. मार्चमध्ये कारखान्याचा हंगाम संपला, ती गावी गेली. तिच्या बाकावर बसायला नंतरही कुणी तयार होईना. वास येतो म्हणाली एक. बाक मी स्वतः पुसला होता.

डबा एकत्र खातात, खरं आहे. कुणाच्या डब्यात कुणाचा हात जात नाही, ते तिथं उभं राहिल्यावरच दिसतं.

बावडेकर:
तो पालक मीच. बाई, एका मुलीवरून सगळी पिढी आरोपीच्या पिंजऱ्यात उभी करू नका. माझा मुलगा दहावीत आहे. त्याच्या तालमीत सगळ्या जातींची पोरं आहेत, एकाच मातीत लोळतात. चिडवणं कुठल्या काळात नव्हतं? मला 'ढेऱ्या' म्हणायचे. मी कुठं धागे काढत बसलो?

एक_कान:
साहेब, मी कानाला यंत्र लावतो. शाळेत 'बहिरं' हेच माझं नाव होतं, त्यामुळं चिडवणं मला शिकवू नका. पण माझ्या बहिरेपणावरून कुणी माझ्या आईला काही बोललं नाही. शेजारच्या कांबळेला मात्र 'तुमचं काय, पस्तीस टक्क्यांत भागतंय' म्हणायचे. त्याला ८४ टक्के होते. तुमची ढेरी तुमच्या एकट्याची होती. त्याच्या वाट्याला आलेलं त्याच्या अख्ख्या घराला लागत होतं.

गंगावेस_वाला:
पोरांना दोष कशाला? जात शाळाच शिकवते. भर वर्गात 'शिष्यवृत्तीवाले उभे राहा, दाखले आणा'. माझी मुलगी बसून बघते. तिचा बाप रिक्षा चालवतो, तिला काही नाही. तिच्या मनात काय येत असेल?

आणि शाहू शाहू काय करता? जातवार बोर्डिंगं कुणी काढली? मराठा वेगळं, जैन वेगळं, मुसलमान वेगळं. तिथंच पोरांना वेगळं राहायची सवय लागली.

एक_कान:
तोंड सांभाळून बोला. आधी सगळ्यांसाठी एकच वसतिगृह काढून बघितलं होतं. तिथं एकाच जातीची पोरं टिकली. मग १९०१ ला मराठा बोर्डिंग, १९०६ ला मुस्लिम, १९०८ ला अस्पृश्य पोरांसाठी मिस क्लार्क. बोर्डिंग नसतं तर खेड्यातल्या पोरानं झोपायचं कुठं? कोण घेत होतं घरात? माझे आजोबा मिस क्लार्कमध्ये राहून शिकले. आमच्या घरातला पहिला सही करणारा माणूस. त्याला तुम्ही वेगळं राहायची सवय म्हणता?

गंगावेस_वाला:
आजोबांबद्दल मी काही बोललो नाही. उगाच अंगावर येऊ नका. १९०८ ला गरज होती, मान्य. शंभर वर्षांनंतरही पाट्या तशाच, हे पण सांगा की.

शियेकर:
बोर्डिंगवर भांडताय तर पुढचंही वाचा. १९१७ ला सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आणलं आणि १९१९ ला अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून पोरांना सरळ सरकारी शाळेत बसवलं. राहायला वेगळी सोय दिली, पण शिकायचं एकाच वर्गात. अस्पृश्य समाजातल्या गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात महाराज स्वतः जाऊन चहा प्यायचे, ते काय चहा मिळत नव्हता म्हणून? लोकांनी बघावं म्हणून. आपल्यातलं कोण पोराला घेऊन कोपीवर चहाला गेलंय?

मोबाईल_बंद_करा:
सगळ्याचं मूळ मोबाईलवरचं स्टेटस. जून २०२३ ला स्टेटसवरूनच कोल्हापुरात हिंदू-मुसलमान तणाव पेटला, इंटरनेट बंद करायची वेळ आली. मोबाईल काढून घ्या, निम्मं भांडण संपेल.

खडूफळा:
मोबाईल नव्हता तेव्हाही पाण्याच्या टाकीपाशी रांगा वेगळ्या लागलेल्या मी पाहिल्यात. पण त्या जूननंतरचं एक सांगते. माझ्या वर्गातला एक मुसलमान मुलगा इतिहासाच्या तासाला मान वर करायचा बंद झाला. अफजलखानाचं नाव निघालं की पोरं माना वळवून त्याच्याकडं बघायची. धडा कसा शिकवायचा याचं प्रशिक्षण आम्हाला मिळतं. त्या वळलेल्या मानांचं काय करायचं, ते कुणी सांगितलं नाही. मी तास थांबवून रागावले. त्यानं तो मुलगा आणखीच आक्रसला. चूक माझीच झाली.

आणि गंगावेसवाले, यादी वर्गात वाचण्याबद्दल तुमचं बरोबर आहे. मीही वाचत होते. गेल्या वर्षापासून पालकांना ऑफिसात बोलावून कागद घेते. वेळ जातो, हेडमास्तर कुरकुरतात. तुमच्या मुलीला काही मिळत नाही हा राग सरकारवर काढा, शेजारच्या बाकावर नको.

गंगावेस_वाला:
राग कुठं काढायचा ते मी ठरवीन. यादीचं केलंत ते चांगलं केलंत, एवढंच.

बावडेकर:
काल रात्री मुलाला विचारलं, तालमीतल्या दोस्तांपैकी कोण कोण आपल्या घरी जेवलंय. त्यानं चार नावं घेतली. मी म्हटलं, बाकीचे? तर म्हणाला, 'आजीला विचारा.'

माझ्या आईनं काय सांगितलंय ते मला ठाऊक नव्हतं. म्हणून सगळी पिढीच तशी, हे मी अजूनही मानत नाही. पण 'ठाऊकच नाही' हे वाक्य मागं घेतो. रविवारी त्या बाकीच्यांना जेवायला बोलावलंय. आईशी बोलणं अजून व्हायचंय.