सवलतीच्या जाहिरातींमागे कट नाही, तरी त्यांचं चक्र थांबत नाही. पटतं का?

काठपदर: "बाजार आपल्याला फसवायला टपलाय" हे मला पटत नाही. येवल्याची पैठणी घ्या. नाशिकच्या कॉलेज रोडवरचा दुकानदार मोबाईलवर एकाच साडीच्या चार जाहिराती टाकतो: हातमाग, पदर, रंग आणि '50 टक्के सूट, आज शेवटचा दिवस'. जाहिरातीची जागा लिलावात मिळते. तिथे बोलीसोबत जाहिरातीवर क्लिक होण्याची शक्यताही मोजली जाते आणि पैसा आपोआप जास्त क्लिकवाल्या जाहिरातीकडे वळतो. बहुतेकदा सूट जिंकते. शेजारचाही तेच उचलतो. मग सूट परवडावी म्हणून एक तर आधी किंमत चढवायची, नाहीतर यंत्रमागाचा माल ठेवायचा. हातमागाच्या पैठणीचे काठ-पदर उलट्या बाजूनेही सुलट्यासारखेच स्वच्छ असतात. यंत्रमागाच्या साडीला मागे सहसा सुटे धागे दिसतात. पण फोटोत उलटी बाजू येतच नाही! पारख मागे पडते, गिऱ्हाईक सवलतीची वाट बघत बसतं, आणि पुढच्या हंगामात सूट आणखी मोठी लागते. यातलं काहीही कुणी बैठक घेऊन ठरवलेलं नाही.

रविवार_कारंजा: बैठका झाल्यात, साहेब. 1924 मध्ये ओसराम, फिलिप्स वगैरे कंपन्यांनी जिनिव्हात फीबस संघ काढला आणि बल्बचं आयुष्य 1000 तासांवर आणलं. बल्ब जास्त टिकला तर दंड! याला कट नाही तर काय म्हणायचं?

काठपदर: कटच होता, मान्य. पण तो टिकवायला नमुने तपासावे लागले, दंड लावावे लागले, आणि दुसऱ्या महायुद्धात तो मोडला. कॉलेज रोडवर दंड कोण लावतं? जाहिरात बंद करणाऱ्याचं गिऱ्हाईक शेजारी जातं, एवढं पुरतं. म्हणून हे मोडणं जास्त अवघड आहे.

हिशेबवही: दोघांचंही अर्धंच बरोबर. 'नो कॉस्ट ईएमआय', म्हणजे बिनव्याजी म्हणून दाखवलेले हप्ते बघा. 24,000 चा फोन, 4,000 चे 6 हप्ते. व्याज वर्षाला 15 टक्के धरलं तर कर्ज साधारण 22,984 चं आणि व्याज 1,016. हे व्याज विक्रेता किंवा कंपनी सूट म्हणून सोसते. व्याजावरचा 18 टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे 183 रुपये, तुमच्या माथी. प्रोसेसिंग फी असली तर ती वेगळी. रोखीने घेणाऱ्याने मागितल्याशिवाय ते हजार रुपये सहसा सुटत नाहीत, तेव्हा मागाच. ही रचना कुणीतरी नीट विचार करूनच बसवली आहे. आपोआप होतं ते पुढचं: फलकावर 24,000 ऐवजी 4,000 झळकतात आणि लोक महागडा फोन उचलतात.

रविवार_कारंजा: मग रचना करणाऱ्याला धरा ना. खोटी घाई दाखवण्यावर 2023 च्या डार्क पॅटर्नच्या (ग्राहकाला भुलवणाऱ्या ऑनलाइन युक्त्यांच्या) मार्गदर्शक तत्त्वांनी बंदी घातलीच आहे.

काठपदर: खोटा 'शेवटचा दिवस' त्यात सापडेल. खरी सूट सापडणार नाही, आणि चक्र तिच्यावरच फिरतं. त्यापेक्षा पैठणीच्या प्रत्येक जाहिरातीत उलट्या बाजूचा फोटो सक्तीचा करा. सगळ्यांना एकच नियम लागला, तर प्रामाणिक दुकानदाराचं गिऱ्हाईक तुटणार नाही.